द्वारकावन्संनी पाहिलेलं ग्रहण

"फणसळकरबाई, तुम्हाला हे सांगायला माझी जीभ रेटत नाही," देवस्थळी साहेब म्हणाले आणि टेबलावरचा पेपरवेट त्यांनी उगाच इकडून तिकडे सरकवला. "पण आपल्या नाचणकरांचा घसा बसलाय."

नाचणकरांचा घसा रेडिओच्या सकाळच्या सभेत खणखणीत होता. साऱ्या केंद्राने ऐकला होता.

"म्हणजे ग्रहणाचं निवेदन...?"

"तुम्ही कराल का?"

त्या फेब्रुवारीत खग्रास सूर्यग्रहण होतं. आमच्या गावातून सूर्याची बारीक कोर उरलेली दिसणार होती, पण खाली दक्षिणेला कारवारच्या बाजूला सूर्य पुरता झाकला जाणार होता. आमचं रेडिओ केंद्र किनारपट्टीवरचं, लहानसं. तरी साहेबांनी वर खटपट करून कारवारजवळच्या एका टेकडीवरून थेट प्रक्षेपणाची परवानगी मिळवली होती. लोक त्या दिवशी दारं-खिडक्या लावून घरात बसणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्या बंद दारांच्या आत आभाळात काय चाललंय ते सांगायला एक आवाज हवा होता. तो आवाज नाचणकरांचा ठरला होता. पण त्यांच्या आईने डोक्यावर हात ठेवून शपथ घातली आणि घसा बसला.

मी तोवर भगिनी मंडळ, बालसभा आणि हवामानाचा अंदाज एवढ्यापुरतीच होते. बाहेर जाऊन करायचं निवेदन म्हणजे कबड्डीचे सामने, बंदरावरचे समारंभ, मंत्र्यांची भाषणं; ते पुरुषांकडे. कितीतरी वेळा मी ते निवेदन घरी ऐकत मनातल्या मनात वाक्यं दुरुस्त केली होती. आणि आता साहेब समोर बसून मलाच विचारत होते. मी पदर पुढे ओढला.

"साहेब, मला सहावा महिना आहे."

"दिसतंय ना मला. म्हणून तर जीभ रेटत नाही."

"करते मी," मी म्हणाले. म्हणताना जराही घाबरले नाही. घाबरले ती घरी जाताना, वाटेत.

घरात आम्ही चौघं. मी, माझे यजमान सदानंद, सासूबाई, आणि सदानंदांच्या थोरल्या बहीण द्वारकावन्सं. वन्सं चाळिशी ओलांडलेल्या. त्यांचा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. लहानपणी मिशनच्या इस्पितळात तो शिवला, पण तोंडातली टाळू तशीच राहिली. शब्द अर्धे नाकातून यायचे. लग्न जमलं नाही. पाहुणे आले की वन्सं मागीलदारी. दुकानात गेल्या तर बोटाने दाखवून वस्तू घेणार. माझ्याशी मात्र त्या बोलत. माझी प्रत्येक सभा त्या स्वयंपाकघरात रेडिओला कान लावून ऐकत, आणि मी घरी आले की एखादंच वाक्य बोलत, "आज दमल्यासारखी वाटलीस गो," किंवा, "आज खुशीत होतीस."

मी जेवताना सांगितलं. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"सूर्यग्रहण?" त्या म्हणाल्या. "ह्या दिवसांत?"

"आई, अगं आता शास्त्र काय सांगतं..." सदानंदांनी सुरुवात केली.

"तू गप्प बस. तुला पोटात बाळगायचं नाहीय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुंदा, मी तुला कधी नोकरी सोड म्हटलं? रात्रीबेरात्री आलीस, कधी चकार शब्द काढला? जगाच्या पाठीवर कुठेही जा. त्या दिवशी तेवढी घरात बस. मी तुझ्या पाया पडते."

आणि त्या खरंच वाकल्या. मी ताटावरून उठले, त्यांचे हात धरले. माझ्या सासूबाई कुणाच्या पाया पडणाऱ्या बाई नव्हत्या. वाड्यातल्या पुरुषांशी त्या खोतासारख्या बोलत.

नंतर खोलीत सदानंद म्हणाले, "तू जायचं ठरवलंस तर मी अडवणार नाही. फक्त एक सांगतो. उद्या काही कमीजास्त झालं, तर आई तुला बोल लावणार नाही. ती स्वतःला खाईल."

"स्वतःला कशासाठी?"

"ते तिलाच विचार," म्हणाले, आणि कुशीवर वळले.

दोन-तीन दिवस घरात जेवणाच्या वेळी फक्त भांड्यांचे आवाज होते. साहेबांना नाही म्हणून सांगावं असं मी जवळपास ठरवलं होतं. आणि एका सकाळी द्वारकावन्सं चुलीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "मी जाते हिच्याबरोबर."

आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. वन्सं गावातल्या देवळापलीकडे कधी गेलेल्या आम्हाला आठवत नव्हत्या.

"मी हिला बाहेर उभी राहू देणार नाही," त्या म्हणाल्या. "तिथे बंगला आहे ना? खोली लावून आत बसवते. बाहेर कुणी बघेल, हिला सांगेल, ही आतून बोलेल. रेडिओवर कुणाला कळणार आहे ही कुठे बसलीय ते?"

सासूबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाल्या, "हिला हातात काही धारदार घेऊ देऊ नको. सुईसुद्धा. झोपू देऊ नको, खाऊ देऊ नको. आणि डोळ्यांवर पदर."

"हो."

"माझ्या गळ्याची शपथ घे, द्वारके."

"तुझ्या गळ्याची शपथ," वन्सं म्हणाल्या. त्यांनी शपथ घेतली तेव्हा त्यांची नजर चुलीतल्या विस्तवावर होती, एवढं मला आठवतं.

सरकारी मोटारीतून आम्ही आदल्या दिवशी पहाटे निघालो. बरोबर आमचे इंजिनियर लोबो. मोठ्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. गोव्याच्या खाड्या ओलांडत संध्याकाळी टेकडीवरच्या डाकबंगल्यात पोचलो. बंगल्याच्या ओट्यावरून समोर सगळा समुद्र. खाली माडांच्या आड मच्छीमारांची वस्ती. पोस्टातून टेलिफोनची तार वरपर्यंत ओढून आणलेली होती. त्या तारेवरून माझा आवाज आमच्या केंद्रात जाणार आणि तिथून हवेत.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तसं खालच्या वस्तीतलं एकेक दार बंद होत गेलं. होड्या सगळ्या वाळूवर ओढलेल्या. बंगल्याच्या रखवालदाराने पाण्याच्या पिंपावर तुळशीची पानं ठेवली, आम्हाला नमस्कार केला आणि घरी निघून गेला. रस्त्यावर माणूस नाही, समुद्रात डोलकाठी नाही. भर उन्हात एवढा ओसाडपणा मी आजवर पाहिला नव्हता.

ग्रहण लागलं. लोबोने वेल्डिंगची काळी काच डोळ्यांना लावून पाहिलं आणि खिडकीबाहेरून ओरडून सांगितलं, "सुरू झालं बाई. उजवीकडून खालून एक चावा घेतलाय."

मी आत. खिडक्यांच्या फटींना वन्संनी रखवालदाराची कांबळी टांगली होती. टेबलावर मायक्रोफोन, कॉलेजच्या एका प्राध्यापकांनी लिहून दिलेली माहिती, पाण्याचा पेला. तोही वन्संनी झाकलेला. खग्रास व्हायच्या थोडं आधी केंद्र आमच्याकडे यायचं होतं, म्हणजे प्रक्षेपण आमच्या हाती द्यायचं होतं. तोवर नुसतं बसायचं. मी कागद चाळत होते. चंद्राची सावली, तिचा वेग, प्रभामंडल. सगळी वाक्यं पाठ होती, आणि मला ती एखाद्या दुसऱ्याच्या लग्नाच्या निमंत्रणासारखी वाटत होती.

"कुंदा," वन्सं दाराशी बसल्या होत्या, "आईने तवसं खाल्लेलं तू कधी बघितलंयस?"

मी विचार केला. आमच्या परसात श्रावणात तवशांचा, त्या जाड काकड्यांचा, वेल नुसता लगडायचा. कोशिंबीर व्हायची, तवसोळी व्हायची. सासूबाईंच्या ताटात मात्र...

"नाही," मी म्हणाले. "त्यांना सोसत नाही ना?"

"माझ्या वेळेला आईला पाचवा का सहावा. असंच ग्रहण होतं. सगळे खोलीत कोंडून बसलेले. माझा धाकटा काका तेव्हा लहान, भुकेने रडत होता. रडून रडून निळा पडला. आई उठली आणि तिने त्याला तवसं चिरून दिलं." त्यांनी स्वतःच्या वरच्या ओठावरून बोट फिरवलं, वरून खाली, विळीवर काही चिरावं तसं. "मग मी झाले. आजीने साऱ्या गावाला सांगितलं. बारशाला बायका आल्या त्या मला बघायला नव्हे, आईला बघायला आल्या. त्यानंतर तिने विळी हातात घेतली नाही. आणि प्रत्येक ग्रहणात ती मला कुशीत घेऊन, पांघरुणात गुंडाळून बसायची. मी चांगली घोडी झाल्यावरसुद्धा. रडायची नाही. नुसती जप करायची आणि मध्येच मला विचारायची, 'द्वारके, तुला राग नाही ना गो माझा?'"

मी हातातले कागद टेबलावर ठेवले.

"मी तिला दर वेळी नाही म्हणून सांगितलं," वन्सं म्हणाल्या, "पण तिला ते कधी खरं वाटलं नाही. आणि मला..." त्या थांबल्या. "मलाही ठाऊक नव्हतं खरं काय ते."

बाहेरून लोबोचा आवाज आला, "अर्ध्याच्या वर गेलं!"

वन्सं उठल्या. त्यांनी खिडकीवरची कांबळी काढली, घडी घातली, खाटेवर ठेवली. मग दाराची कडी काढली.

"वन्सं, काय करताय?"

"बाहेर जाते. माझं सगळं आयुष्य त्याच्या नावावर गेलं. मी त्याला एकदासुद्धा बघितलेलं नाही. आज बघणार."

"पण तुम्ही आईंच्या गळ्याची शपथ..."

"मी शपथ घेतली नसती तर तिने आपल्याला सोडलं असतं?" त्यांनी दार उघडलं. दारातून आलेला उजेड विचित्र होता. ऊन होतं, पण पातळ. जणू त्यात कुणी पाणी घातलं होतं. "तू ये असं मी सांगणार नाही. पोट तुझं आहे. यायचं तर ये, नाहीतर आत बस. मी बघेन तसं तुला दारातून सांगेन."

मी विज्ञानाची पदवी घेतलेली बाई. चंद्र सूर्याच्या आड येतो आणि त्याने पोटातल्या पोराला काही होत नाही, हे मला अक्षरन्‌अक्षर ठाऊक होतं. पण त्या क्षणी माझी पावलं जमिनीला चिकटली. पोटावर हात ठेवला तर आत पोर फिरलं. बाहेर पडले आणि काही झालं तर? वैद्याने काहीही सांगितलं, शास्त्राने काहीही सांगितलं, तरी मी उरलेलं आयुष्य काय खाणार नाही? कशाला हात लावणार नाही?

हे मनात आलं आणि त्याच विचाराने माझ्या अंगावर काटा आला. सासूबाईंचं आयुष्य मला आयतं मिळायला आलं होतं, आणि मी ते घ्यायला हात पुढे केला होता.

मी मायक्रोफोन उचलला. वायर मागे ओढत दाराबाहेर आले.

लोबोने माझ्याकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं, आणि काही न विचारता काळी काच माझ्या हातात दिली. मी ती डोळ्यांना लावली. काळोखात हिरवट रंगाची एक कोर लटकत होती. मी काच वन्संना दिली. त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. काच खाली घेतली तेव्हा त्यांचा चेहरा एवढा गंभीर होता, जणू कुणाशी तरी ओळख करून दिली होती.

लोबोने हात वर केला. केंद्र आमच्याकडे आलं.

मी बोलायला लागले. काय बोलले ते आज शब्दशः सांगता येणार नाही, पण कागद मी आत टेबलावरच विसरले होते आणि मला त्यांची आठवणही आली नाही. ऊन कसं चांदण्यासारखं झालंय ते सांगितलं. माझ्या सावलीच्या कडा सुरीसारख्या बारीक झाल्यात, बोटावरचा केससुद्धा जमिनीवर दिसतोय, हे सांगितलं. वारा पडला. मग एकदम गार वारा सुटला आणि वन्संनी पदर अंगाभोवती लपेटला. खाली माडांत कावळे ओरडत परत आले. कुठेतरी कोंबडा आरवला. कुठे कुत्रं रडलं. मी प्रत्येक गोष्ट सांगत होते. मला वाटलं, मी चांगलं करतेय. नाचणकरांपेक्षा चांगलं करतेय.

"बाई," लोबो म्हणाला, "समुद्राकडे बघा."

समुद्राच्या पार टोकाला, जिथे आभाळ टेकतं, तिथून काळोख येत होता.

तो ढगासारखा नव्हता. ढग तरंगत येतो. हा पाण्यावरून धावत येत होता, जांभळ्या-काळ्या भिंतीसारखा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि त्याचा आवाज काही नव्हता. एवढी मोठी वस्तू एवढ्या वेगाने येताना आवाज व्हायला हवा, असं शरीराला वाटतं. मी कान ताठ करून वाट पाहत राहिले. पाणी विझत गेलं. होड्या विझल्या. माड विझले. मग तो आमच्यावरून गेला.

मी मान वर केली.

सूर्याच्या जागी एक काळं भोक होतं. त्याच्याभोवती रुपेरी पिसं पसरली होती, स्थिर आणि जिवंत. काठाशी एक लालभडक ठिणगी. शेजारी शुक्र, दुपारच्या आभाळात, दिव्यासारखा. आणि सगळ्या क्षितिजावर, पूर्वेला, पश्चिमेला, उत्तरेला, दक्षिणेला, एकाच वेळी संध्याकाळ झाली होती. चहूबाजूंनी केशरी पट्टा, आणि मध्ये आम्ही तिघं, त्या डोळ्याखाली.

माझा आवाज गेला.

घसा बसला नव्हता. शब्द होते की नाही, तेही माहीत नाही. बोलायचं असतं हेच मी विसरले. निवेदकाने गप्प बसणं म्हणजे काय, ते ज्याने हे काम केलंय त्यालाच कळेल. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, की तुमच्या खोलीत आग लागली तरी आधी श्रोत्यांना सांगा, मग पळा. इथे सबंध किनारपट्टी बंद दारांआड माझ्या आवाजावर टांगून बसली होती आणि मी हातात मायक्रोफोन धरून आ वासून उभी होते. खालच्या वस्तीतून रातकिडे ऐकू येत होते. लाटा ऐकू येत होत्या. लोबोचा हात यंत्राच्या बटणावर होता. त्याने एक खूण केली असती तर केंद्राने लगेच तबकडी लावली असती. त्याने खूण केली नाही. त्याने बटण फिरवून आवाज वाढवला, दुसऱ्या हाताने छातीवर क्रूस काढला, आणि वर बघत राहिला.

आणि माझ्या कानाशी कुणीतरी बोललं.

"आई."

वन्सं माझ्याजवळ आल्या होत्या. त्या मायक्रोफोनकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांचं तोंड वर होतं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या उजेडात ते रुपेरी दिसत होतं.

"आई गो," त्या म्हणाल्या, मोठ्याने, नाकातून येणाऱ्या त्या आवाजात, जो बाहेरच्या कुणी कधी ऐकला नव्हता. "आई, बघ तरी. हे किती सुंदर आहे. दिवे लागलेत आभाळात. चहूकडे सांज झालीय." त्यांनी श्वास घेतला. "ह्याने कुणाचं काही केलं नसेल गो. एवढं सुंदर आहे हे. ह्याला आपण ठाऊकसुद्धा नाही, आई."

मी मायक्रोफोन बाजूला घ्यायला हवा होता. नियम तसा होता. मी तो त्यांच्या तोंडाजवळ नेला. पण त्यांना आणखी काही बोलायचं नव्हतं.

मग त्या काळ्या काठावर एका ठिकाणी उजेड फुटला. एवढासा, पण डोळ्याला झोंबणारा. भिंत आमच्या पाठीमागे डोंगरांवरून पलीकडे धावत गेली, आणि समुद्र, होड्या, माड, सगळं परत आलं. कोंबडे पुन्हा आरवले. माझा आवाजही परत आला.

"श्रोतेहो," मी म्हणाले, "सूर्य दिसू लागला आहे. कृपा करून काचेशिवाय त्याच्याकडे पाहू नका. आता आपण ऐकलंत ते..." मी अडखळले. "ते इथे उभ्या असलेल्या एका बाईंनी जे पाहिलं, ते होतं. मला ते सांगता आलं नाही. त्यांनी सांगितलं."

केंद्राने निवेदन परत आपल्याकडे घेतलं. लोबोने यंत्र बंद केलं आणि तो ओट्याच्या पायरीवर बसला. "बाई, मी दर रविवारी चर्चला जातो," तो एवढंच म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याने सोडून दिलं.

वन्सं भानावर आल्या आणि त्यांनी तोंडावर हात घेतला. "कुंदा! ते चालू होतं?"

"चालू होतं."

"सगळ्यांनी ऐकलं?"

"सगळ्यांनी."

"आणि आईने?"

परतीच्या वाटेवर त्या मोटारीच्या काचेतून बाहेर बघत राहिल्या. मला साहेबांची भीती नव्हती. ते मेमो देतील, देऊ देत. (पुढे त्यांनी दिलाच. 'अनधिकृत व्यक्तीचा आवाज प्रसारित झाल्याबद्दल.' सही केल्यावर चष्मा काढून म्हणाले, "माझी बायको दार उघडून अंगणात गेली हो. एकोणीस वर्षांत माझं कधी ऐकलं नाही तिने.") मला भीती होती घरच्या उंबरठ्याची.

सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. आम्ही पायरी चढलो तरी त्या उठल्या नाहीत. सदानंद मागे दारात उभे, काही बोलू नका अशी खूण करत.

"द्वारके," त्या म्हणाल्या, "तू बाहेर गेलीस?"

"गेले."

"हिलाही नेलंस?"

"माझी मी गेले, आई," मी म्हणाले.

सासूबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. त्यांचा आवाज आला तो एकदम निराळा, नवल वाटल्यासारखा.

"मी देवघरात जप करत होते. रेडिओ शेजारी. कुंदा बोलायची थांबली. मला वाटलं, झालं, काहीतरी झालं. माळ हातातून पडली. आणि मग तू हाक मारलीस. द्वारके, तुझा आवाज एवढा मोठा आहे? घरात तू कधी अशी हाक मारली नाहीस. मला वाटलं, तू दारातच आहेस. मी उठले आणि दार उघडून अंगणात गेले."

"ग्रहणात?" वन्संनी विचारलं.

"ग्रहणातच की. तुला बघायला गेले. तू कुठली असायला तिथे." त्यांनी अंगणातल्या फणसाकडे बोट केलं. "आणि गो, त्या झाडाखाली नुसत्या कोरी पडल्या होत्या. पानापानातून. शेकडो. सगळं अंगण चंद्रकोरींनी भरलेलं, आणि वारा आला की सगळ्या हलायच्या. माझ्या पायांवर, माझ्या लुगड्यावर. मला पाऊल कुठे टाकावं कळेना. मी तिथेच उभी राहिले, त्या मोठ्या होईपर्यंत."

रागाचा एक शब्द आला नाही. पण क्षमेचाही आला नाही. त्यानंतरचे महिने त्या माझ्याकडे अशा बघत, जशी माणसं परगावी गेलेल्या तारेच्या उत्तराची वाट बघतात. माझ्यासाठी सगळं करत. डिंकाचे लाडू, डोहाळेजेवण, काही कमी केलं नाही. पण माझ्याशी बोलताना त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर नसायची, पोटावर असायची. आणि मीही कधीकधी झोपेतून दचकून उठे, तेव्हा माझं बोट माझ्याच ओठावर असे.

मुलगी झाली सकाळी, उन्हं वर आल्यावर. इस्पितळातल्या नर्सने तिला धुऊन, गुंडाळून बाहेर आणलं. वन्सं पुढे झाल्या होत्या, पण सासूबाईंनी पोर आपल्या हातात घेतलं आणि सरळ खिडकीपाशी उजेडात नेलं. मी खाटेवरून बघत होते. मला त्यांची पाठ दिसत होती.

त्यांनी दुपट्याचं टोक बाजूला केलं. वरच्या ओठावरून बोट फिरवलं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. पुन्हा फिरवलं. मग करंगळी पदराला पुसली आणि पोरीच्या तोंडात घालून टाळू चाचपली, पुढून मागपर्यंत, सावकाश. पोरीने ती करंगळी धरली आणि चोखायला लागली. साऱ्या खोलीत तेवढाच आवाज.

सासूबाई वळल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्या वन्संकडे बघत होत्या.

"द्वारके," त्या म्हणाल्या, "मग तुझं कशानं झालं गो?"

वन्सं त्यांच्याजवळ गेल्या. त्यांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणाल्या, "कशानंच नाही, आई. मी अशीच जन्मले."

सासूबाई खिडकीखालच्या बाकावर बसल्या. सदानंदांनी पोर घ्यायला हात पुढे केले, पण त्यांनी दिली नाही. करंगळी तिच्या तोंडात तशीच ठेवून त्या रडू लागल्या. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. वन्सं म्हणाल्या, त्यांनीही नाही.